चिंगी अजून किती जगेल?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी तुमच्याहून बरीच लहान आहे, त्यामुळे उत्तरात मला एकेरीच म्हणा. आम्ही मेलबर्नच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात राहतो. माझे सासरे दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून आमच्याकडे आले. सासूबाई गेल्यापासून ते फारसं बोलत नसत. रात्री झोप यायची नाही म्हणून मागच्या ओट्यावर बसून राहायचे. तेव्हा ऑक्टोबरात एक पोसम (झाडांवर राहणारं, पोटावर पिशवी असलेलं इथलं जनावर) कुंपणावरून यायला लागली, पाठीवर पिलू, उजवा कान फाटलेला. बाबांनी तिचं नाव चिंगी ठेवलं. रोज तिच्यासाठी चपातीचा तुकडा काढून ठेवू लागले. आता माझा सहा वर्षांचा मुलगाही आजोबांच्या मांडीवर बसून तिची वाट बघतो.

गेले तीन आठवडे चिंगी आलेली नाही. आणि आमच्या छतात मात्र रोज रात्री धावपळ चालते, खरखरीत आवाज येतात, झोपमोड होते. माझ्या नवऱ्याने ठरवलंय की पिंजरा भाड्याने आणायचा, छतातलं पोसम पकडायचं आणि डँडेनाँगच्या डोंगरात सोडून यायचं. 'तिथं जंगल आहे, सुखाने जगेल', असं त्याचं म्हणणं. बाबा एकच विचारतात, पोसम जगतं तरी किती वर्षं? नेटवर कुठे दोन वर्षं लिहिलंय, कुठे तेरा. त्यांना काय सांगू? डिसेंबरात ते परत चाललेत.

– एक सून, मेलबर्न

उत्तर

आधी नवऱ्याला सांग, पिंजरा आणू नकोस. एवढं एक वाक्य मी तुला पत्र मिळालं त्याच दिवशी मेलने कळवलं होतं. बाकीचं सविस्तर इथं लिहितेय, कारण हाच प्रश्न मला सिडनी, ब्रिस्बेन आणि मेलबर्नच्या वाचकांकडून दरवर्षी येतो. सप्टेंबरात इथला वसंत ऋतू सुरू झाला की छतातली धावपळ वाढते आणि लोकांचा धीर सुटतो.

तुझ्या नवऱ्यावर माझा राग नाही. त्याच्या मनात त्या जिवाचं भलंच आहे. मीही कोकणात वाढले. आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर उदमांजर यायचं, रात्रभर कौलांवर दणदण चालायची. माझे काका त्याला पकडून पोत्यात घालून लांब रानात सोडून यायचे आणि आम्हा मुलांना वाटायचं, बरं झालं, गेलं बिचारं आपल्या घरी. त्याचं घर आमचा माळाच होता हे मला फार उशिरा कळलं, इथं येऊन वन्यजीव शुश्रूषेचं प्रशिक्षण घेतल्यावर.

आता बाबांचा प्रश्न. दोन वर्षं आणि तेरा वर्षं, हे दोन्ही आकडे खरे आहेत. ते वेगवेगळ्या प्राण्यांचे आहेत, एवढंच. नेटवर 'पोसम' शोधलं की अमेरिकेतला ओपोसम आणि ऑस्ट्रेलियातलं पोसम यांची खिचडी समोर येते. हा घोळ जुना आहे. ओपोसम हा शब्द व्हर्जिनियातल्या पाउहटन लोकांच्या भाषेतला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं उतरलेल्या इंग्रजांनी तो उचलला. पुढे 1770 मध्ये कॅप्टन कुकबरोबर ऑस्ट्रेलियाला आलेल्या जोसेफ बँक्सला एंडेव्हर नदीकाठी एक पिशवीवालं जनावर सापडलं, आणि त्याने ते ओपोसमच्या कुळातलं म्हणून आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलं. दोघेही शिशुधान, म्हणजे पोटावरच्या पिशवीत पिलू वाढवणारे, पण नातं फार दूरचं.

अमेरिकेतला ओपोसम खरोखरच अल्पायुषी आहे. मोकळ्या रानात एक ते दोन वर्षं, तीन म्हणजे फार झाली. मांजराएवढं जनावर आणि आयुष्य उंदरासारखं. तुला जे 'दोन वर्षं' दिसलं ते याचं.

तुमच्या कुंपणावर येणारी चिंगी, तू केलेल्या वर्णनावरून, ब्रशटेल पोसम आहे. झुपकेदार काळी शेपटी, मोठे टोकदार कान, गुलाबी नाक, वजन साधारण दीड ते चार किलो. ब्रशटेल एकदा मोठं होऊन आपल्या जागेवर स्थिरावलं की दहा-अकरा वर्षं जगू शकतं, आणि काही माद्या तेरापर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. वय कसं कळतं, असं बाबा विचारतील म्हणून सांगते: दाढेच्या मुळाशी वर्षागणिक एकेक थर चढतो. मेलेल्या जनावराची दाढ कापून, झाडाच्या खोडातली वलयं मोजावीत तसे ते थर सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

मेलबर्नमध्ये आणखी एक पोसम सर्रास दिसतं, रिंगटेल. ते लहान, जेमतेम किलोभर, शेपटी उंदरासारखी निमुळती, टोकाला पांढरी, आणि तिची गुंडाळी करून फांदी धरणारी. विजेच्या तारेवरून सर्कशीतल्यासारखं चालत जाताना दिसलं तर बहुधा रिंगटेल. ते चार-पाच वर्षं जगतं, फार तर सहा.

म्हणजे तीन जनावरं, तीन आयुष्यं. असं का, हे मला स्वतःला बरीच वर्षं पडलेलं कोडं होतं, म्हणून थोडं थांबून सांगते.

स्टीव्हन ऑस्टॅड नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने या ओपोसमांना रेडिओ कॉलर लावून वर्षानुवर्षं त्यांचा माग काढला. मुख्य भूमीवरचे ओपोसम दुसऱ्या वर्षातच म्हातारे व्हायचे: डोळ्यांत मोतीबिंदू, अंगावरची रया गेलेली. मग तो जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यालगतच्या सॅपेलो नावाच्या बेटावर गेला. हे बेट चार-पाच हजार वर्षांपूर्वी मुख्य भूमीपासून तुटलेलं. ओपोसमला खाणारी मोठी जनावरं तिथं नाहीत. तिथले ओपोसम दिवसाढवळ्या हिंडत होते, जास्त जगत होते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सावकाश म्हातारे होत होते. वयाबरोबर शेपटीतल्या तंतूंना जो ताठरपणा येतो, तोसुद्धा त्यांच्यात हळू वाढत होता. एका वेळची पिलंही कमी. 1993 मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. त्याचा अर्थ साधा आहे. जिथं कोणीतरी लवकरच मारून टाकणार हे जवळपास ठरलेलं असतं, तिथं निसर्ग टिकाऊ शरीर घडवण्यात खर्च करत नाही. झटपट वाढा, भरपूर पिलं घाला, संपा. जिथं धोका कमी, तिथं शरीरही सावकाश झिजणारं घडतं.

ब्रशटेलकडे या नजरेने बघ. ती एका वेळी एकच पिलू घालते. बहुधा वर्षाला एक. साडेसतरा दिवसांच्या गर्भारपणानंतर उडदाच्या दाण्याएवढं बाळ जन्मतं, आईच्या केसांतून सरपटत पिशवीत शिरतं, एका सडाला तोंड लावतं आणि चार-पाच महिने तिथंच राहतं. मग दोन-एक महिने पाठीवर. रिंगटेलला बहुतेकदा जुळी, अमेरिकन ओपोसमला एका वेतात आठ-दहा. एकेक पिलू इतक्या निगुतीने वाढवणाऱ्या आईला आयुष्य लांबच लागतं, नाहीतर तिचा वंश चालणार कसा?

आता रानातलं पोसम जास्त जगतं की शहरातलं? तुझ्या नवऱ्याचा सगळा बेत याच गृहीतावर उभा आहे, म्हणून हे नीट बघ.

शहरात ब्रशटेलची खाण्याची आबाळ नाही. गुलाबाच्या कळ्या, लिंबाची सालं, कोवळी पालवी, फुलं, पडलेली फळं. कुणाच्या ना कुणाच्या छतात ऊबही मिळते. रानात मोठ्या ढोल्या लागतात, आणि गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडाला पोसम मावेल एवढी ढोली पडायला शंभराहून अधिक वर्षं जातात. रानातही ढोलीसाठी भांडणं असतात, रात्री पॉवरफुल आउल नावाचं भलंमोठं घुबड असतं, वणवे असतात.

पण शहराचे मृत्यू निराळे आहेत. आमच्याकडे शुश्रूषेला येणाऱ्या जनावरांत सगळ्यात जास्त मोटारीखाली सापडलेली. मग कुत्र्याने धरलेली, मांजराने ओरबाडलेली. मांजराचं ओरखडणं वरून दिसतही नाही, पण त्याच्या तोंडातले जंतू रक्तात गेले की दोन दिवसांत जनावर संपतं. रिंगटेल तारांवर शॉक लागून मरतात, आणि चाळीस अंशांच्या दिवशी झाडांतल्या घरट्यांतून पटापट खाली पडतात. फळझाडांवरच्या ढगळ जाळ्यांत पाय अडकून पडलेली तर पाहवत नाहीत. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया राज्यात 1 सप्टेंबर 2021 पासून घरगुती फळझाडांवर 5 मिलिमीटरहून मोठ्या छिद्रांची जाळी लावायला बंदी आहे. जाळीतून करंगळी आत जात असेल तर ती जाळी काढून टाक, इतकं सोपं लक्षात ठेव.

आणि एक मरण दिसत नाही. उंदरांसाठी दुकानात मिळणारी जी नव्या पिढीची विषं आहेत, रक्त गोठू न देणारी, ती मेलबर्नमधल्या पोसमांच्या यकृतांतही सापडली आहेत. तुमच्या गॅरेजमध्ये त्या निळ्या-हिरव्या वड्या असतील तर आजच उचल. शेजाऱ्यांशीही बोल.

तेव्हा रान म्हणजे दीर्घायुष्य आणि शहर म्हणजे अल्पायुष्य असं गणित बसत नाही. मी जे पाहिलंय त्यावरून सांगते: पोसमचं आयुष्य लांबतं ते ओळखीच्या जागेमुळे. कोणत्या छताची फट उघडी आहे, कोणत्या घरचा कुत्रा रात्री बाहेर असतो, कोणत्या फांदीवरून कुंपण गाठता येतं, उन्हाळ्यात सावली कुठे, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. काही अंगणांचा तो मुलूख असतो. हनुवटी आणि छाती घासून ती तिथं आपला वास ठेवते. नरांच्या छातीवर तर त्या ग्रंथीने तांबूस डाग पडलेला असतो. एका ठिकाणी तिच्या तीन-चार झोपायच्या जागा असतात आणि ती त्या आलटूनपालटून वापरते.

सगळ्यात जास्त पोसमं कधी मरतात माहीत आहे? म्हातारपणी नव्हे. आईपासून सुटी झाल्यावर, पहिल्या-दुसऱ्या वर्षात, स्वतःची जागा शोधत फिरताना. विशेषतः नर, कारण त्यांनाच लांब जावं लागतं. जे या दिवसांतून तरतं, तेच पुढे दहा वर्षं गाठतं.

आणि डँडेनाँगला नेऊन सोडणं म्हणजे जागा कमावलेल्या जनावराला पुन्हा त्या सगळ्यात घातक दिवसांत ढकलणं. मेलबर्नच्या छतांतून पकडलेली ब्रशटेल पोसमं रानात सोडून, रेडिओ कॉलरने त्यांचा पाठपुरावा व्हिक्टोरियात फार पूर्वीच झालेला आहे, नव्वदच्या दशकात. त्यातली बहुतेक थोड्याच दिवसांत मेली, आणि बहुतेक कोल्ह्यांच्या तोंडी गेली. हा इथला लाल कोल्हा, आपल्याकडच्या खोकडाचा भाऊबंद. तो मूळचा इथला नाहीच, शिकारीच्या हौसेसाठी इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात आणलेला. नव्या जागी सोडलेल्या पोसमला ढोली माहीत नसते. जी ढोली सापडते तिच्यात आधीच कोणीतरी असतं आणि ते फिस्कारून हाकलतं. मग ते जमिनीवर उतरतं. जमिनीवर कोल्हा असतो.

तुझ्या नवऱ्याला कायदाही सांग, रागाने नको, माहिती म्हणून. व्हिक्टोरियात 1975 च्या वन्यजीव कायद्यानुसार पोसम संरक्षित आहे. घरातून पकडलेलं ब्रशटेल त्याच आवारात, पकडल्या जागेपासून 50 मीटरच्या आत, त्याच दिवशी सूर्यास्तानंतर सोडावं लागतं. लांब नेऊन सोडणं हा गुन्हा आहे. रिंगटेलला तर परवान्याशिवाय पकडताच येत नाही. शिवाय एक पोसम नेलं तरी फट तशीच राहिली तर आठ-पंधरा दिवसांत दुसरं येतं, मग काय पुन्हा पिंजरा आणायचा?

(न्यूझीलंडच्या वाचकांसाठी दोन ओळी. हे उत्तर तुम्ही तसंच्या तसं घेऊ नका. ब्रशटेल तिथं एकोणिसाव्या शतकात फरसाठी ऑस्ट्रेलियातून नेऊन सोडलेलं आहे. तिथं त्याला खाणारं कोणी नाही, त्याने जंगलं आणि पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त केली, गुरांचा क्षयही पसरवला, आणि 2050 पर्यंत त्याचा बंदोबस्त करायचं देशाने ठरवलं आहे. तेच जनावर, पण दुसऱ्याच्या घरात.)

छतातल्या आवाजाचं काय करायचं, ते सांगते. यावर उपाय आहे आणि तो बाबांच्या हातचा आहे, विशेषतः ते सुतारकाम जाणत असतील तर.

आधी एक पेटी करायची. जाड लाकडाची, पाऊण इंच तरी, म्हणजे उन्हात तापणार नाही आणि थंडीत गारठणार नाही. वरचं झाकण उतरतं, साफ करता येईल असं. तोंडाला साधारण चार-साडेचार इंचांचं भोक. ती झाडावर निदान चार मीटर उंचीवर बांधायची, पश्चिमेच्या उन्हाला पाठ करून. तुमच्या छताच्या ज्या बाजूने ती आत शिरते त्याच्या जवळचं झाड असेल तर उत्तम. पेटीत थोडा कोरडा पाला, आणि जमलं तर छतात तिने जमवलेल्या काड्यापाल्यातला एक मूठभर, तिच्या वासाचा. शिडीवर बाबांना चढवू नकोस, ते काम नवऱ्याचं.

मग फट शोधायची. संध्याकाळी अंधार पडताना बाहेर उभे राहा, बरोबर कुठून बाहेर पडते ते दिसतं. कळत नसेल तर संशय आहे तिथं आतल्या बाजूला चपातीचं पीठ भुरभुरून ठेव, सकाळी पावलं उमटलेली असतात. तुझ्या मुलाला हे काम दे. ब्रशटेलचं मागचं पाऊल ओळखायला सोपं: अंगठा आडवा, त्याला नखच नाही, आणि पुढची दोन बोटं एकमेकांना जोडलेली, जणू फणीच, त्यानेच ती अंग विंचरते.

छतात दोन-तीन रात्री दिवा जळता ठेवला की जागा नकोशी होते आणि ती पेटीकडे वळायला लागते. मग एका रात्री ती बाहेर पडल्यावर फट पत्र्याने किंवा जाड जाळीने पक्की बंद करायची. पण आत पिलू राहिलेलं नाही याची खात्री करूनच. आता ऑक्टोबर आहे. या दिवसांत आई कधी कधी पाठीवरचं पिलू ढोलीत ठेवून चरायला जाते. आत कोणी राहिलं तर उपाशी मरेल, आणि आई रात्रभर पत्रा ओरबाडत बसेल. मी ते एकदा पाहिलं आहे. एका घरी फट बंद केल्यानंतर तिसऱ्या दिवशी आम्हाला बोलावलं होतं. आईच्या पुढच्या पंज्यांची नखं रक्ताळलेली होती. पिलू जिवंत मिळालं, पण ते केवळ दैव. बंद करायच्या आधी दिवसा विजेरी घेऊन कोपऱ्या-कोपऱ्यात बघा, इन्सुलेशनच्या खालीसुद्धा.

आता चपातीचं. बाबांना हे तू सांग, माझं नाव घेऊन सांग, म्हणजे त्यांना तुझा राग येणार नाही. पोसमचं पोट पाला पचवण्यासाठी बनलेलं आहे. त्यांचं मोठं आतडं म्हणजे पाला आंबवायची जागा आहे. चपाती, पाव, बिस्कीट, केळं रोज मिळालं की ते बिघडतं. दूध तर मुळीच नको, गाईचं दूध त्यांना पचतच नाही. आणि एका ठिकाणी रोज खाणं ठेवलं की तिथं चार पोसमं जमतात, भांडतात. ताण वाढला की त्यांच्या पाठीवर, शेपटीच्या मुळाशी, ओल्या जखमा होतात, केस झडतात. ती जमिनीवर उतरायला शिकतात, आणि जमिनीवर मांजर-कोल्हा असतोच.

पण बाबांचा चपातीचा तुकडा म्हणजे काय होतं, हे मला कळतं. ज्या माणसाने उभ्या जन्मात दारात आलेल्याला काही दिल्याशिवाय पाठवलं नाही, तो रिकाम्या हाताने कसा बसेल? म्हणून त्यांना दुसरं काही दे. कुंपणावर, उंचावर, पाण्याचं एक मातीचं भांडं, मधे एक दगड ठेवून. उन्हाळा येतोय, पाणी खरंच लागेल. आणि मागच्या अंगणात त्यांच्या हाताने दोन झाडं लावून घे, एक बॉटलब्रश आणि एक लिलीपिली. डिसेंबरात ते गेले तरी झाडं राहतील, आणि त्याच पाल्या-फुलांवर पोसमं येतील.

आता चिंगी.

तिचं वय आपण काढू. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात तिच्या पाठीवर पिलू होतं. ब्रशटेलची वीण मुख्यतः मार्च ते मेमध्ये, म्हणजे ते पिलू त्या वर्षीच्या एप्रिल-मेच्या आसपासचं. माद्या वर्षाच्या झाल्या की विऊ लागतात. तेव्हा ती त्या वेळी निदान दीड वर्षाची होती, आज निदान साडेतीनची. जास्तही असेल. फाटलेला कान बघता दोन-चार भांडणं जिंकलेली असणार. पहिल्या वर्षाच्या घातक दिवसांतून ती केव्हाच बाहेर पडली आहे. तिच्यापुढे आणखी सहा-सात वर्षं असू शकतात.

तीन आठवडे दिसली नाही म्हणजे मेली असं नाही. झोपायची जागा बदलली की वाट बदलते. पाठीवर मोठं झालेलं पिलू असेल तर ती उघड्यावर कमी येते. शेजारी नवा कुत्रा आला असेल. एखाद्या घरच्या झाडाला नवी पालवी फुटली असेल. पण मेली असेल, हेही शक्य आहे, आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. आजूबाजूच्या दोन-तीन रस्त्यांवर एकदा चालून ये.

आणि हे मी प्रत्येक वाचकाला सांगते, तुलाही: रस्त्याच्या कडेला मेलेलं पोसम दिसलं तर थांब. मोटारी येत नाहीत ना ते बघ, हातमोजे घाल आणि पोटावरची पिशवी तपास. काही वर्षांपूर्वी एका पावसाळी पहाटे मी अशीच थांबले. मादी गार पडलेली होती. पिशवीच्या कडेला बोट लावलं तर आत ऊब होती. इतकी ऊब, की मी दचकून हात मागे घेतला. आत मुठीत मावेल एवढं पिलू, केस नुकते कुठे फुटलेले, डोळे मिटलेले, सड तोंडात धरून. ते सडापासून ओढायचं नसतं, तोंड फाटतं. आईच्या देहासकट गुंडाळून, ऊब देत, वन्यजीव शुश्रूषा केंद्रात न्यायचं असतं. ती पोर पुढे सात महिने माझ्या स्वेटरच्या आतल्या सुती पिशवीत वाढली. आज ती कुठे आहे मला माहीत नाही, पण सोडली तेव्हा तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही, सरळ झाडावर गेली. मला त्याचा आनंदच झाला. तुमच्याकडे कधी असं झालं तर वाइल्डलाइफ व्हिक्टोरियाला फोन करा, ते जवळच्या माणसाशी जोडून देतात.

तुझ्या मुलाला खोटं सांगू नकोस. 'चिंगी कुठे आहे ते आपल्याला माहीत नाही', एवढं सहा वर्षांच्या मुलाला पुरतं. मुलं 'माहीत नाही' हे आपल्यापेक्षा चांगलं पेलतात.

आणि शेवटची गोष्ट, जी बाबांना आवडेल. ब्रशटेलचे मुलगे दूर जातात, पण मुली पुष्कळदा आईच्या शेजारीच जागा धरतात.  दोन वर्षांपूर्वी चिंगीच्या पाठीवर जे पिलू होतं ते मुलगी असेल तर आज ती दोन-अडीच वर्षांची पूर्ण वाढलेली मादी आहे. तुमच्या छतात रात्री कोण धावतंय, याचा मला अंदाज आहे.

फट बंद करायच्या आधी दोन संध्याकाळी बाबांना ओट्यावर खुर्ची टाकून बसव. विजेरीला लाल जिलेटीन कागद लावून दे, लाल उजेडाने त्यांचे डोळे दिपत नाहीत. छतातून कोण बाहेर पडतं, पाठीवर कोणी आहे का, छातीवर तांबूस डाग आहे का, आणि आधी कान बघायला सांग. उजवा.

मला कळव.